तिळीच्या रक्तातली साय

झुंबरबाईच्या घरी भुरी नावाची मांजर व्हती, आन् तिची पिल्लं काही जगत नव्हती. तिथूनच धर बाळा, सावकाश लिही, मी कुठं पळून न्हाई चालले.

झुंबरबाई म्हंजी आपल्या हसनाबादच्या बद्रीनाथची बायको. माहेर शहागडचं. तिच्या बापाचं हायवेला च्या-भज्याचं हाटेल व्हतं, टरकवाले थांबायचे. दिवसभर टरकांचा आवाज, म्हून त्या घरातलं समदं माणूस वरडून बोलायचं. झुंबरबाई हळू बोलायली की आमाला वाटायचं, हिला ताप बीप आला की काय. लगीन होऊन आली तव्हा ह्यांच्या दावणीला एकच म्हैस, ती बी भाकड. ह्या बाईनं तिला सरकी-पेंड चारून चारून गाभण राहीस्तोर आणली. मंग दुसरी घेतली, मंग तिसरी. दूध कुणाला घातलं न्हाई. विरजायचं, घुसळायचं, कढवायचं. तिचं तूप जालन्याच्या आडत्यांच्या घरी जायचं, आन् लोक डबा उघडून नुस्ता वास घ्यायचे आन् म्हणायचे, हे हसनाबादचं.

आता जिचं समदं आयुष्य तुपावर उभं, तिचा भरवसा बी तुपावरच असणार का न्हाई? पोराला खोकला झाला, तूप लाव छातीला. बैलाचा खांदा सोलला, तूप लाव. बाळंतिणीला तर तूप पाहिजेच. तशी भुरी याली की झुंबरबाई तिला बी बाळंतिणीवाणीच वागवायची. पोत्याची ऊब करायची आन् बाजरीची भाकर तुपात चुरून पुढ्यात ठिवायची. बद्रीनाथ म्हणायचा, "मला न्हाई कधी असं तूप वाढलं."

"तुमी कधी बाळंत झालात?" ती म्हणायची.

भुरी काही लाडापायी पाळलेली नव्हती बरं. घरात ज्वारीच्या कोठ्या, वर सरकीची पोती. एक साल उंदरांनी शिंकाळं कुरतडून लोण्याचं गाडगं खाली पाडलं व्हतं. भुरी आली तवापासून उंदीर गेले. म्हून झुंबरबाई म्हणायची, ही मांजर न्हाई, ही माझी भागीदारीण हाय.

भुरीचं पहिलं येत, म्हंजी पहिलं बाळंतपण, बराबर निघालं. पिल्लं मोठी झाली, लोकांनी नेली, एक बोका घरीच राह्यला. पण त्याच्या मागून जे काय झालं! दुसऱ्या येताची पिल्लं डोळे उघडून, चालाय लागून, ऐन खेळायच्या वक्ताला सुस्त पडायली. निस्ती पडून राह्यची. कान, नाक पांढरंफेक. मंग एकेक करून जायची. तिसऱ्या येताला बी तेच. शेजारची उषाबाई कोंबड्या पाळायची, जिभेनं लई तिखट. ती भिंतीवरून म्हणायची, "झुंबरे, मांजराच्या एका जिवाला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं म्हणत्यात. तुला तर आता सराफाचं दुकानच काढावं लागंल."

झुंबरबाई वरून हसायची. पण आतून तिला ते लागायचं, कारण पिल्लं तिच्या हातात मरायली व्हती. आन् हात तर तिचा असा व्हता की भाकड म्हैस दुभती करील.

चौथं येत झालं ते त्र्याण्णव सालात, पोळ्याच्या आधी. पिल्लं चार. दोन गेली. दोन राह्यली, एक करडं आन् एक पांढरं. पांढरीच्या नाकावर तिळाएवढा काळा ठिपका, म्हून ती तिळी. दोघंबी सुस्त पडायली तव्हा झुंबरबाईनं काय केलं आसंल? तेच, जे तू मी केलं आसतं. जीव अशक्त झालाय तर त्याला ताकद द्या. रातच्या तापवलेल्या म्हशीच्या दुधावरची बोटभर जाड साय काढली आन् बोटानं चाटवायली. चाटायचे बिचारे. आन् जितकं चाटायचे तितके मोडायचे. करड्यानं एक दिवस तिच्या मांडीवरच मान टाकली. तिनं खाली बघितलं तर त्याच्या व्हटावर साय तशीच व्हती. गिळली बी नव्हती.

बद्रीनाथ खोरं घेऊन आला. म्हणला, "दे. शेवग्याखाली पुरतो."

झुंबरबाईनं पिल्लू दिलं. रडली न्हाई. म्हणली, "ही एक राह्यली. हिला मी मरू देत न्हाई."

"अगं, मांजर हाय. भुरी पुन्हा यील, पुन्हा पिल्लं व्हतील."

"यील आन् पुन्हा पुरू. तुमाला खोरं ठिवायला बी सवड न्हाई मिळणार. हिला काय झालंय ते मला कळाय पाहिजे."

गावातल्या कंपाउंडरनं जंताचं औषध दिल्तं, त्यानं काही फरक न्हाई पडला. म्हून दुसऱ्या दिवशी ती निघाली. टोपलीत तिळी, वरून लुगड्याचा तुकडा बांधलेला, आन् एष्टीनं जालना. कंडक्टर म्हणला, "बाई, टोपलीत काय? कोंबडं आसंल तर अर्धं तिकीट."

"मांजर हाय. लई आजारी हाय."

"मंग पेशंटचं पूर्ण घ्यावं लागंल," आन् समदी एष्टी हसली. झुंबरबाईनं तिकडं ध्यान दिलं न्हाई. साऱ्या वाटंत तिचं एक बोट टोपलीत व्हतं, श्वास चालू हाय का न्हाई बघायला.

जनावराच्या दवाखान्यात बैल, म्हशी, शेळ्या. रांगेतला एक माणूस शिंग मोडलेला बैल धरून उभा व्हता, तो म्हणला, "मांजरासाठी जालन्याला? आमच्या तिकडं माणसं बी एवढ्या लवकर न्हाई आणत." डॉक्टर कोण, तर एक तरणी पोरगी, शरयू नावाची. जालन्यातलीच, बँकेतल्या माणसाची लेक. नवीनच रुजू झाल्ती. तिनं मात्र हसण्यावारी न्हाई नेलं. पिल्लू हातावर घेतलं, व्हट वर करून हिरड्या बघितल्या. कागदावाणी पांढऱ्या. पोट चाचपलं, केस फुकून पिसवा बघितल्या. आन् विचारलं, "मावशी, याआधीची पण अशीच गेली का?"

"दोन येतं पुरी गेली. ह्या वक्ताची तीन."

"किती मोठी झाली की आजारी पडतात?"

"महिन्याची व्हायच्या आतच."

"आईचंच दूध पितात?"

"आईचं पितात. आन् मी साय चाटविते, ताकद यावी म्हून."

डॉक्टरीणबाईनं बारीक सुई घेतली आन् मानंजवळून रगत काढलं. थोडंसंच. दोघीबी सुईवर वाकल्या. रगत लाल नव्हतंच. दुधात कुंकू कालवावं, तसा रंग.

झुंबरबाई म्हणली, "बाई, सुई दुधाची व्हती का?"

"नाही मावशी, सुई कोरीच होती. निघताना काय दिलं हिला?"

"साय. बोटभर."

"मग एवढ्यावर सांगता येत नाही. पोटभर खाल्ल्यावर कुणाच्याही रक्तात थोडी चरबी उतरते. हिला आता दुपारपर्यंत काही देऊ नका. पाण्याचे थेंब द्या फक्त. मग पुन्हा काढू. तेव्हा रक्त साफ निघालं तर दुखणं दुसरं. असंच निघालं तर मग हेच दुखणं."

झुंबरबाई आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसली. आता बघ, जिनं जन्मभर समद्यांना खाऊ घातलं, तिला सांगितलं, देऊ नको. पिल्लू आधी गप व्हतं, मंग म्याव म्याव करायलं, तेबी इतकं बारीक की कान लावावा लागे. बैलवाला माणूस भाकरी खाऊन राह्यला व्हता. तो म्हणला, "बाई, दुधात बुडवून एवढा तुकडा टाका त्याच्या तोंडात. जीव तळमळून राह्यला." तिनं मान हालवली. तो म्हणला, "काय काळीज हाय का दगड?" तिनं टोपली पदराखाली घेतली आन् भिंतीकडं तोंड करून बसली. तिला माहीत व्हतं, एकदा हात सैल पडला की मंग डॉक्टरीणबाईला काहीच कळणार न्हाई, आन् ही बी करड्याच्या वाटंनं जाईल.

दुपारी पुन्हा सुई. पुन्हा तेच. दुधात कुंकू.

मंग शरयूबाईनं काचंची नळी रुमालात गुंडाळली, झुंबरबाईला ऑटोत घातलं आन् नवीन जालन्यात मार्तंडरावाच्या रगत तपासायच्या दुकानात नेलं. मार्तंडराव चष्म्याच्या वरून बघून म्हणले, "पेशंटचं नाव?"

"तिळी," झुंबरबाई म्हणली.

"आडनाव?"

"मांजर आहे हो ती," शरयूबाई म्हणली.

"मांजर? अहो शरयूताई, माझ्याकडं अख्ख्या बाजाराची शुगर तपासायला येते! कुणी ऐकलं तर?" असं म्हणत म्हणतच त्यांनी नळी गरगर फिरवायच्या मशीनीत ठिवली. थांबल्यावर बाहेर काढली. खाली रगताचा एवढासा गोळा, त्याच्यावर पांढरं पाणी, आन् अगदी वर एक जाड थर. मार्तंडरावांनी नळी उजेडात धरून इकडून तिकडून बघितली. मंग म्हणले, "हे मी माणसात पण एकदाच बघितलंय." चरबीचा आकडा मोजायला मशीनीत लावलं तर मशीन आकडाच देईना. पातळ करून पुन्हा लावलं. आकडा आला तो असा की त्यांनी दोनदा तपासला.

झुंबरबाईनं नळी हातात घेतली. तिला मशीनीचं काही कळत नव्हतं, पण तिच्या हातात जे व्हतं ते ती रोज पहाटं बघायची. "बाई," ती म्हणली, "ही तर साय हाय."

"सायच आहे मावशी. तुम्ही दिलेली, आणि आईच्या दुधातली. आपण तूप खातो, ते रक्तात उतरतं, आणि मग अंगात जिरतं. हिच्या अंगात ते जिरवायचं जे काही असतं, ते कमी आहे. म्हणून चरबी रक्तातच फिरत राहते. त्यात नवं रक्त नीट तयार होत नाही, आणि जे आहे ते पिसवा पितात." मंग तिनं बॅटरीनं तिळीच्या डोळ्यात उजेड पाडून आत बघितलं आन् म्हणली, "डोळ्याच्या आतल्या बारीक शिरा लाल दिसायला हव्यात. हिच्या पांढरट आहेत."

"म्हंजी मी ताकद म्हून देत व्हते, त्यानंच..."

"त्यानं वाढलं. पण दोष मुळातलाच. ह्या पिल्लांचा बाप कोण, माहीत आहे?"

झुंबरबाई जरा लाजली. "माहीत हाय की. घरचाच बोका. तिच्याच पहिल्या येताचा."

"तिचाच मुलगा?"

"जनावराला काय कळतं बाई." मंग तीच थांबली आन् म्हणली, "थांबा, थांबा. सुधारलेली सरकी पहिल्या साली झकास येते. घरचंच बी ठिवून पुन्हा पेरलं की झाडं वाकडी-तिकडी निघतात. तसं?"

शरयूबाई हसली. "अगदी तसं नाही, पण जवळपास. आईच्या रक्तात दडलेला दोष मुलात दडून गेला, आणि दोघांचा एकत्र आला की पिल्लात उघडा पडला."

"मंग दवा सांगा."

"दवा बाटलीत नाही, चुलीवर आहे. आईचं दूध बंद. म्हशीचं दूध, साय, लोणी, तूप, बिलकुल बंद. कोंबडीच्या छातीचं मांस, कातडं न् चरबी काढून, पाण्यात उकडायचं. पाणी गार झालं की वरचा तवंग काढून फेकायचा. मांस बारीक वाटून त्याच पाण्यात पातळ करायचं. थोडा मऊ भात. अंड्याचा पांढरा भाग शिजवून. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. पिसवांसाठी कोमट पाणी न् बारीक फणी. शेतातली कीड मारायची पावडर अंगावर टाकलीत तर पिल्लू पावडरीनंच मरेल. हे रक्त वाढायचे थेंब. आणि याहून खालावली तर दुसऱ्या मांजराचं रक्त द्यावं लागेल, पण ते जुळतं का हे तपासायची इथं सोय नाही. तेव्हा ती वेळ येऊ द्यायची नाही."

"न्हाई येऊ देत," झुंबरबाई म्हणली.

आता घरी खरी अडचण. तिची सासू गिरिजाबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं सुदीक यायचं न्हाई. म्हातारीला दिसायचं बी अंधुक, पण नाक मोठं तेज. झुंबरबाईनं सैपाकघर सोडलं आन् गोठ्याच्या मागं तीन दगडांची चूल मांडली. वेगळं भगुनं, वाटायला शेतातली चपटी दगडं. मांस आणायला उषाबाईकडं गेली.

"बापरे," उषाबाई म्हणली, "तुपाच्या घरात कोंबडी शिजणार? माळ तुटली का आत्याबाईची?"

"मांजरीसाठी पाहिजे. निस्ती छाती दे. आन् तुझं कोंबड्या झाकायचं डालं दे."

"मांजरीला कोंबडीची छाती! पुढच्या जन्मी मला तुझ्या घरची मांजर करावं देवानं." पण दिलं तिनं, डालं बी दिलं.

तिळीला डाल्याखाली ठिवलं, कारण मोकळी सोडली की ती भुरीचं दूध प्यायला जाणार. भुरी डाल्याभवती फिरायची, पंजा घालायची, वरडायची. झुंबरबाई तिला म्हणायची, "वरड माय. तुझं बराबर हाय. पण मी न्हाई उघडत." तिळीनं आधी ते पातळ मांस थुकून दिलं. झुंबरबाईनं कापसाच्या बोळ्यानं एकेक थेंब गालाच्या आत सोडला. थुकलं की पुन्हा. फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. म्हशीच्या धारा, ताक, तूप, समदं चालूच, आन् मधून मधून गोठ्यामागं. बद्रीनाथ म्हणला, "मी उपाशी राह्यलो तर एवढी मागं लागशील का?"

"तुमी न सांगता खाता."

आन् फरक पडला. तिळी मान धराय लागली. मंग एक दिवस झुंबरबाईच्या पदराचं टोक तिनं पंजानं धरलं. तेवढंच, पण झुंबरबाई दिवसभर ते समद्यांना सांगत फिरली.

आन् तिथंच घात झाला. दोन-चार दिवसांनी तिळी पुन्हा मलूल. पुन्हा नाक पांढरं. झुंबरबाईला काही उमगेना. मांसाची चरबी राह्यली का? तवंग नीट न्हाई काढला का? तिनं पुन्हा एष्टी धरली. शरयूबाईनं रगत काढलं. पुन्हा दुधात कुंकू.

"मावशी, कुणीतरी हिला साय देतंय."

"माझ्या घरात? मी सोडून हात न्हाई लावत कुणी डाल्याला!" झुंबरबाई अशी वरडली की बाहेरचा बैल बिचकला. मंग तिनं तिळीला उचललं आन् तिच्या तोंडाचा वास घेतला. तुपावर वाढलेलं नाक ते. कालची आंबूस साय, तिला लगेच कळली. तिनं तिळीला टोपलीत ठिवलं. म्हणली, "बाई, आधीचं रगत तुमी ठिवलंय का?"

"ठेवलंय. छोट्या बाटलीत, लसीच्या फ्रिजमध्ये."

"ती बाटली मला द्या."

घरी येऊन तिनं कुणाला काही विचारलं न्हाई. तिळीला पुन्हा डाल्याखाली ठिवलं, आन् आपुन कडब्याच्या गंजीमागं उभी राह्यली. थोड्या येळानं गिरिजाबाई भिंत चाचपत चाचपत आली. हातात वाटी. खाली बसली, डालं जरा वर केलं, आन् बोट आत घातलं.

"खा गं माझी माय. आईपासून तोडलं तुला. घरात साईची गाडगी भरलीत आन् तुला कोंबडीचं पाणी पाजून राह्यली ही कैदाशीण. खा, जरा अंग धरंल."

झुंबरबाईच्या तोंडापर्यंत आलं व्हतं, आख्खं हसनाबाद ऐकंल असं. पण तिला करड्याचे व्हट दिसले. म्हातारी जे बोलून राह्यली व्हती, ते समदं तिनं स्वता बोललं व्हतं, ह्याच बोटानं. ती पुढं गेली आन् सासूजवळ बसली.

"आत्याबाई."

म्हातारीचा हात थांबला. "दिली तर दिली. मार मला."

"साईनंच मरून राह्यली ती."

"साईनं कुणी मरतं व्हय गं? माझी लेकरं मी तुपावर वाढिवली. तुझा नवरा त्याच्यावरच वाढला. डॉक्टर लोकांचं काय, आज हे म्हणतात, उद्या ते."

झुंबरबाईनं वाद घातला न्हाई. बाटलीचं बूच काढलं, वरच्या थराला सासूचं बोट लावलं. फ्रिजात राहून राहून तो थर घट्ट झाल्ता. म्हणली, "हे काय हाय, सांगा."

गिरिजाबाईनं बोट अंगठ्यावर चोळलं. जन्मभर लोणी काढलेले हात ते, त्यांना डोळ्याची गरज न्हाई. म्हणली, "लोणी हाय. न्हाई, साय. चिकट हाय. कुणाच्या म्हशीची?"

"म्हशीची न्हाई. हे तिळीचं रगत हाय आत्याबाई. बाटलीत ठिवलं तर त्याच्यावर ही साय आली."

माळकरी बाई ती. मी हे ऐकलं तव्हा मला वाटलं, झिडकारंल, आंघोळीला पळंल. पण ती तसंच बोट धरून बसली. मंग ते पुन्हा चोळून म्हणली, "रगतावर साय येती?"

"हिच्या येती. आपल्या अंगात जिरती, हिच्या न्हाई जिरत. समद्या पिल्लांचं हेच झालं."

"मंग मी..."

"तुमी एकट्या न्हाई. मी तुमच्या आधी चाटवली. एवढं आपल्या दोघींना कळालं, बस झालं. आता हिला वाचवायचंय."

गिरिजाबाई उठली, रांजणावर जाऊन हात धुतला, पुन्हा पुन्हा धुतला. मंग बाज वढत वढत गोठ्याजवळ आणली आन् डाल्याशेजारी टाकून बसली. म्हणली, "तू म्हशी बघ. इकडं कोण वाटी घेऊन येतं ते मी बघते. मला दिसत न्हाई, पण साईचा वास येतो."

आन् दोन आठवडे ती म्हातारी हालली न्हाई तिथून. भुरी आली तरी काठी आपटायची. कोंबडी शिजायची तव्हा नाकाला पदर लावून "विठ्ठल विठ्ठल" करायची, पण उठायची न्हाई. बद्रीनाथचा एक पाहुणा सहज दुधाची कपबशी पुढं करायला गेला, तर काठी त्याच्या नडगीवर बसली. झुंबरबाई एकेक थेंब पाजायची, मंग बोळा सोडून बशी, मंग तिळी बशीतून खायला लागली. हिरड्या आधी कागद, मंग जराशा गुलाबी. उषाबाई स्वता अंडी आणून द्यायची, वर बोलायची बी, "पांढरा तिला, बलक मला वापस." तो बी खरंच वापस घ्यायची.

थंडीत झुंबरबाई तिळीला घेऊन जालन्याला गेली. ह्या वक्ताला रातचं खाणं दिल्यावर काहीच न्हाई दिलं. शरयूबाईनं सुई लावली. झुंबरबाईनं डोळे मिटले व्हते. शरयूबाई म्हणली, "बघा मावशी." तिनं बघितलं. लाल. आपलं असतं तसं लाल. मार्तंडरावांनी मशीनीत लावलं तर आकडा पहिल्याच वक्ताला आला. अजून जरा वर व्हता, पण माणसात आल्ता. चिठ्ठीवर त्यांनी नाव लिव्हलं व्हतं, 'कु. तिळी, हसनाबाद'.

शरयूबाई म्हणली, "मोठी होताना जरा सुधारेल. पण तूप-साय जन्मभर नाही. आणि मावशी, भुरीचं ऑपरेशन करून घ्या, बोक्याचं पण. नाहीतर पुन्हा तेच."

हे गावात कळालं तव्हा उषाबाई म्हणली, "मुक्या जनावराची कूस बंद करायची? पाप लागंल गं."

"पिल्लं जन्माला घालून शेवग्याखाली पुरायची, ती पुण्याई व्हय?" झुंबरबाई म्हणली, आन् पुढच्याच बाजारच्या दिवशी भुरीला आन् बोक्याला दोन टोपल्यांत घालून घेऊन गेली. बद्रीनाथला दुसरी टोपली धरायला लावली.

पण मी तुला सांगत व्हते ते त्या लाल रगताच्या दिवसाचं. वापस येताना एष्टीत तिच्या शेजारी एक बाई बसली, पोराला नोकरी लागली म्हून पेढे वाटत चालली व्हती. तिळीनं टोपलीतून मुंडकं बाहेर काढलं. ती बाई म्हणली, "अगं बाई, कसलं गोड पिल्लू! घे गं, तुला बी पेढा." आन् पेढ्याचा तुकडा टोपलीत टाकायला निघाली.

झुंबरबाईनं तिचा हात वरच्या वर धरला. "तिला न्हाई."

"एवढासाच हो. जीव आशेनं बघून राह्यलाय."

"बघू द्या. मांजराचं कामच हाय बघायचं."

"आनंदाचा हाय. न्हाई म्हणू नये."

"न्हाई म्हणतच न्हाई मी," झुंबरबाई म्हणली. तिनं पेढा घेतला, आपल्या तोंडात टाकला, आन् टोपलीवर लुगड्याचा तुकडा घट्ट बांधून हसनाबादचा फाटा येईस्तोर त्याच्यावर हात ठिवून बसली.